तरटावरची आकडी

गालिचा म्हटला की काश्मीर, इराण, भदोही ही नावे आठवतात आणि मागासमोर बसून गाठीमागून गाठ मारणारा कारागीर डोळ्यांपुढे उभा राहतो. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, मेनपासून न्यूफाउंडलंडपर्यंत, कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात जो लोकरी गालिचा घडविला, त्यात मागही नाही आणि गाठही नाही. त्याचे नाते गोधडीशी अधिक जवळचे. तोही जुनेऱ्यातूनच जन्मला.

चौकटीवर तरट ताणून त्यावर कोळशाने नक्षी रेखावयाची. जीर्ण लोकरी कपड्याची अरुंद पट्टी किंवा सूत डाव्या हाताने तरटाखाली धरावयाचे, उजव्या हातातील आकडी वरून छिद्रात घालावयाची आणि लहानसा फास वर ओढून घ्यावयाचा. पुढच्या छिद्रात पुन्हा तेच. आकडी पुष्कळदा खिळ्याचीच असे. टोक वाकवून, कानशीने घासून लाकडी मुठीत बसविलेली. हे फास कशानेही बांधलेले नसतात. एकमेकांना खेटून, केवळ दाटीने ते जागच्या जागी राहतात.

पण हे तरट त्या थंड प्रदेशात आले कोठून? त्याचा ताग बंगालचा. डंडीच्या गिरण्यांत 1830 च्या दशकापासून तागाचे सूत यंत्रावर निघू लागले, 1855 साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे गिरणी उभी राहिली आणि स्वस्त गोणपाट जगभर पोहोचले. रिकामे पोते फेकून देणे काटकसरी गृहिणीला कसे पटावे? त्याची मोकळी वीण तर आकडीसाठी जणू मुद्दाम योजलेली. बंगालच्या शेतकऱ्याने पाण्यात कुजवून सोललेला ताग असा न्यूफाउंडलंडच्या चुलीपुढे येऊन पसरला.

नक्षी प्रथम घरचीच असे : गलबत, कुत्रा, फुलांची परडी, प्रमाण चुकलेले, पण जिवंत. 1868 च्या सुमारास मेनमधील बिडफर्ड गावचा फेरीवाला एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट याने धातूच्या पत्र्यातून साचे कापले आणि छापील तरटे विकण्यास आरंभ केला. काम सोपे झाले. घरोघरचे सिंह मात्र एकसारखे दिसू लागले.

न्यूफाउंडलंडात कोळ्याचे सारे वर्ष व्यापाऱ्याच्या उधारीवर जाई. रोख पैसा क्वचितच दिसे. तेथे डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या वैद्यकीय मिशनने हे गालिचे विकत घेऊन बायकांच्या हाती मोबदला ठेवला. लोकर अपुरी पडू लागली, तेव्हा शहरांतील स्त्रियांकडून फाटके रेशमी मोजे मागविण्यात आले. केप ब्रेटनमधील शेतिकँप गावी लिलियन बर्क या अमेरिकन कलावतीने 1927 पासून आकडीकाम धनिकांच्या दिवाणखान्यांपर्यंत नेले. नक्षी व रंग तिचे, हात गावच्या बायकांचे. पुढे मोबदल्यावरून वाद झाला आणि काहींनी वेगळी वाट धरली. त्यांचा हिशेब चुकीचा होता असे म्हणवत नाही. त्याच गावच्या एलिझाबेथ लेफोर्ट यांनी तर आकडीने माणसांच्या हुबेहूब तसबिरी उतरविल्या.

लोकरीचे रंग अजून टिकले आहेत, तरट मात्र ओलीने कुजते आणि जुने झाले की ठिसूळ होते. फासांना धरणारी दाटी मग सैल पडते आणि नक्षी भोकाभोकांतून ओघळू लागते. म्हणून संग्रहालयांत जुन्या गालिच्यांना पाठीमागून नवे कापड शिवावे लागते. आणि आजच्या अनेक आकडीकाम करणाऱ्या स्त्रिया तरट सोडून महागडे लिनन चौकटीवर ताणतात.