बाटलीवरचे मधले नाव

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. वैद्यकाला हा शब्द खटकतो, पण तो रुळला आहे. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर हेच ‘औषध’ फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक दगावले. अशा रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टर प्रथम विचारतात, ‘काय फवारले?’ उत्तरादाखल बहुधा दुकानातले नाव मिळते, किंवा नुसता बाटलीचा रंग.

वास्तविक प्रत्येक कीटकनाशकाला तीन नावे असतात. ठळक अक्षरांतले कंपनीचे. एकच रसायन अशा अनेक नावांनी विकले जाते. दुसरे लांबलचक रासायनिक नाव, ज्यात रेणूतील कार्बनची सारी मांडणी सांगितलेली असते, ते रसायनशास्त्रज्ञांसाठी. या दोहोंमधले सर्वमान्य नाव मात्र घरातल्या प्रत्येकाने वाचावे, कारण त्याच्या शेपटावरून कूळ कळते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांतील ‘फॉस’ म्हणजे फॉस्फरस. ही सेंद्रिय फॉस्फरस संयुगे मज्जातंतूंतील कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मग लाळ व घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. येथे अॅट्रोपिन जीव वाचवते. सायपरमेथ्रिनमधील ‘थ्रिन’चे नाते शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रमच्या फुलांशी आहे, त्याला अॅट्रोपिन हा उतारा नव्हे. डायफेनथिऊरॉनवर तर विशिष्ट उताराच नाही, केवळ लक्षणांनुसार उपचार. शिवाय प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के असे मिश्रण एकाच बाटलीत मिळते. म्हणून दोन्ही नावे पाहावीत.

प्रोफेनोफॉससारखी रसायने पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. पंपात ओतताच पाणी दुधाळ होते ते त्यातील तेलकट द्रावकामुळे. जे तेलात विरघळते ते त्वचेतूनही शिरते. तोंडात थेंब न जाताही पाठीवरचा भिजलेला सदरा पुरेसा ठरतो. म्हणून चक्कर, मळमळ वा अंधुक दिसणे सुरू होताच फवारणी थांबवावी, कपडे उतरवावेत आणि साबण व भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवावीत. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. दूध-तूप पाजू नये, उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लेबलावरची अक्षरे इतकी बारीक असतात की धावपळीत ती वाचणे कठीण. तेव्हा फवारणीपूर्वीच मोबाइलवर लेबलाचे छायाचित्र काढून घरी ठेवलेल्या माणसाकडे पाठवावे.