मामांची पिवळी पावडर

माझ्या मामांचे खानापूर तालुक्यात ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे गेले, तेव्हा नुकतीच आलेली पिले ब्रूडरखाली होती आणि मामा त्यांच्या पाण्यात पिवळी पावडर कालवीत होते. एकही पिलू आजारी नव्हते. विचारले तर म्हणाले, "वाढीचं औषध गं, सगळेच घालतात." चौथ्या आठवड्यात त्या पिलांना हगवण लागली. तीच पावडर दुप्पट देऊनही मर थांबेना. हे जंतू आता या औषधाला दाद देत नाहीत, असे जनावरांच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर सांगितले. मग मामांनी मला विचारले, "एवढं जीवशास्त्र शिकतीस, तर पावडर नको मग काय घालू ते सांग की!" त्या वेळी मी गप्प बसले. पुढे जे वाचले ते येथे मांडते.

ती पावडर टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविक होती. ही प्रथा अमेरिकेतली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्टोकस्टॅड व ज्यूक्स हे शास्त्रज्ञ ब-१२ जीवनसत्त्वासाठी पिलांना ऑरिओमायसिनच्या उत्पादनात उरलेला चोथा चारून पाहत होते. पिले अपेक्षेपेक्षा अधिक वाढली. ती करामत चोथ्यात राहिलेल्या औषधाची होती! तेव्हापासून थोडे थोडे औषध रोज चारण्याची चाल पडली. पण थोड्या मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. आणि हा चिवटपणा एका जंतूकडून दुसऱ्याकडे, कोंबडीकडून माणसाकडेही जातो. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके चारण्यास बंदी केली, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले कॉलिस्टिन भारतात पशुखाद्यातून २०१९ साली बंद झाले.

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. अंगणातली कोंबडी पिलांना घेऊन उकिरडा उकरते, तेव्हा तिच्या पोटातील उपकारक जंतू पिलांना आपोआप मिळतात. यंत्रात उबवलेल्या पिलाला आईच नसते. फिनलंडच्या नुर्मी व रंताला यांनी प्रौढ कोंबड्याच्या आतड्यातील द्रव्य पिलांना पाजले, तर साल्मोनेलाला त्यांच्या पोटात बस्तान बसवता आले नाही. हे १९७३ साली प्रसिद्ध झाले. जागा आधीच भरलेली असली की उपऱ्याला थारा मिळत नाही.

प्रीबायोटिक (हा शब्द १९९५ सालचा) म्हणजे या उपकारक जंतूंचे अन्न. आपल्या कॉफीतल्या चिकोरीच्या मुळात इन्युलिन असते, कांद्यातही असते. कोंबडीचे पाचकरस ते तोडू शकत नाहीत. ते तसेच आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद पिशव्यांपर्यंत पोचते. तेथे जंतू ते आंबवतात, आम्ले तयार होतात आणि आंबट जागी रोगजंतू फोफावत नाहीत. त्यातील ब्युटिरिक आम्लावर तर आतड्याच्या पेशी पोसतात.

दुसरा प्रकार मला अधिक गमतीचा वाटला. ई. कोलाय व साल्मोनेला यांच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या टोकांनी ते आतड्याच्या भिंतीवरील मॅनोज ही साखर पकडून चिकटतात. यीस्टच्या पेशीभित्तीतही हीच साखर असते. ती खाद्यात मिसळली की जंतू फसून तिलाच धरतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. येथे मारामारी नाही, नुसती हूल आहे.

मात्र विक्रेते सांगतात तेवढे हे सोपे नाही. प्रयोगांचे निष्कर्ष सारखे येत नाहीत. शेड स्वच्छ असेल तर फरक फारसा दिसतच नाही. प्रमाण वाढले तर विष्ठा पातळ होऊन तूस ओले होते, म्हणजे पुन्हा रोगाला आमंत्रण. शिवाय हे औषध नव्हे. रोग लागल्यावर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

मामांनी सगळे ऐकून आधी किलोचा दर विचारला. या खेपेला त्यांनी जुने तूस काढून, चुना मारून शेड पंधरा दिवस रिकामे ठेवले आहे. मध्ये जाळी लावून निम्म्या पिलांना यीस्टचे खाद्य द्यायचे, निम्म्यांना साधे, आणि पावडर कोणालाच नाही, असे ठरले आहे. दर रविवारी वजने टिपायला मी जाणार आहे.