फाइल बदलली म्हणून नाणी वाढत नाहीत

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (गणितं सोडवून नवी नाणी मिळवणं) कायमचं बंद झालं. त्यासाठी रात्रंदिवस राबणारी कार्डं एका दिवसात त्या कामापुरती निरुपयोगी झाली आणि त्यांतली बरीच जुन्या मालाच्या बाजारात आली. त्यांत एफपीजीए कार्डंही होती. आज ती मूळ किमतीच्या कितीतरी खाली मिळतात आणि विकणारा वर एक वाक्य जोडून देतो: ‘नवं फर्मवेअर टाका, कमाई परत सुरू.’ शहाद्या-तळोद्याकडच्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला हे वाक्य खरं वाटणं साहजिक आहे. त्यात एक धागा खराही आहे. पण त्या धाग्याभोवती गैरसमजांचा मोठा गुंता आहे, तो आधी सोडवू.

एफपीजीए ही चिप १९८५ साली झायलिंक्स कंपनीने बाजारात आणली. साध्या चिपमधली जोडणी कारखान्यातच पक्की होते. हिच्यातली जोडणी विकत घेणारा ठरवतो. आत हजारो छोटे तर्क-कप्पे असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचं जाळं असतं. शेत तेच ठेवून पाटाची कोणती दारं उघडायची, कोणती बुजवायची हे ठरवलं की पाणी वेगळ्या वाफ्यांना जातं, तसं इथे एक फाइल आत गेली की कोणता कप्पा कोणाला जोडायचा ते ठरतं. या फाइलला बिटस्ट्रीम म्हणतात. ती ओळीओळीने चालणारा प्रोग्राम नाही, ती सर्किटची मांडणीच आहे. म्हणून एकच कार्ड आज एका नाण्याचं गणित करतं आणि उद्या फाइल बदलली की दुसऱ्याचं. विकणाऱ्याच्या वाक्यातला खरा धागा एवढाच.

‘फर्मवेअर अपडेट म्हणजे मोबाइलसारखंच, बटण दाबायचं’

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, कारण ‘फर्मवेअर’ या एका नावाखाली लोक चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात.

पहिली गोष्ट म्हणजे बिटस्ट्रीम. दुसरी, कार्डावरच्या देखरेख-चिपचं स्वतःचं फर्मवेअर. ही छोटी चिप व्होल्टेज, तापमान आणि पंखा सांभाळते आणि मर्यादा ओलांडली तर वीज तोडते. तिसरी गोष्ट फक्त स्वतंत्र पेटीच्या स्वरूपातल्या मायनरमध्ये असते: आतल्या कंट्रोलर बोर्डावरचं लिनक्स, जे बहुधा मेमरी कार्डावरून सुरू होतं. चौथी गोष्ट म्हणजे संगणकावर चालणारं मायनिंग सॉफ्टवेअर. ते पूलकडून, म्हणजे मिळून मायनिंग करणाऱ्यांच्या गटाकडून, काम आणतं, कार्डाला देतं आणि उत्तर परत पाठवतं. नाणी कोणत्या पत्त्यावर जमा व्हायची ते या चौथ्या थरात लिहिलेलं असतं.

‘अपडेट केलं आणि कार्ड दिसेनासं झालं’ अशी तक्रार कोणी केली, तर पहिला प्रश्न हाच: चारपैकी काय बदललंत? मायनिंग सॉफ्टवेअर नवं आणि बिटस्ट्रीम जुनं, किंवा उलट, अशी जोडी एकमेकांशी बोलतच नाही. कार्ड निरोगी असतं, पण काम करत नाही. म्हणून सॉफ्टवेअर आणि बिटस्ट्रीमच्या आवृत्त्या जुळवून टाकायच्या, एका वेळी एकच थर बदलायचा आणि आधीची चालणारी फाइल जपून ठेवायची. देखरेख-चिपला तर कारण नसताना हातच लावू नये.

‘मध्येच वीज गेली की कार्ड मेलं’

आपल्याकडे या भीतीला कारण आहे. वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. पण एफपीजीएच्या बाबतीत ती बरीचशी फुकट आहे.

बहुतेक मायनिंग कार्डांवरच्या एफपीजीए चिपा आपली मांडणी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की मांडणी पुसली जाते आणि चिप कोरी होते. हा बिघाड नाही, तिचा स्वभावच तसा आहे. वीज आली की ती शेजारच्या फ्लॅश चिपमधून बिटस्ट्रीम पुन्हा वाचते, नाहीतर संगणकावरून यूएसबीने जेटॅग नावाच्या मार्गाने भरून घेते. फ्लॅशमध्ये लिहिताना मध्येच अंधार झाला तर अर्धवट फाइल राहते. चिप ती वाचते, शेवटची तपासणी-बेरीज जुळत नाही हे तिला कळतं आणि ती सुरू व्हायला नकार देते. जेटॅगचा मार्ग चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, फाइल बिघडली म्हणून तो बंद पडत नाही. वीज आली की त्याच मार्गाने पुन्हा लिहायचं. दुसऱ्याच चिपसाठी बनवलेली फाइल चुकून टाकली तरी चिपचा ओळखक्रमांक जुळत नाही आणि ती फाइल आत घेतली जात नाही.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. देखरेख-चिपचं फर्मवेअर लिहिताना वीज गेली, तर ती अर्धवट अडकते आणि वेगळ्या प्रोग्रामरशिवाय सुटत नाही. त्या वेळी यूपीएस हवाच. दुसरं ठिकाण म्हणजे ई-फ्यूज. चिपमधले हे फ्यूज एकदाच जाळता येतात आणि जळाले की परत जोडता येत नाहीत. कुठल्याही मार्गदर्शकात ‘ई-फ्यूज लिहा’ असा टप्पा आला आणि तो का आहे हे तुम्हाला कळत नसेल, तर तिथेच थांबा.

‘व्होल्टेज थोडं वाढवलं की वेग वाढतो’

वाढतो, पण त्याची किंमत काय ते बघा. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर घड्याळाच्या (क्लॉकच्या) वेगाने गुणला जातो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर काम १० टक्के जास्त आणि उष्णता जवळपास ३३ टक्के जास्त.

झायलिंक्सचं व्हीसीयू-१५२५ हे कार्ड २०१८ च्या लाटेत खूप गाजलं. मुळात ते डेटा सेंटरसाठी बनवलेलं विकास-कार्ड. त्यावरच्या व्हीयू९पी चिपचं नेहमीचं गाभा-व्होल्टेज ०.८५ व्होल्ट. मायनिंगचं बिटस्ट्रीम चिपचा कोपरा न् कोपरा एकाच वेळी राबवतं; एवढा प्रवाह सतत पुरवायचा म्हणजे कार्डावरच्या वीजपुरवठा-भागाची सत्त्वपरीक्षा. बिटस्ट्रीम चिपला थेट मारत नाही, पण वीजपुरवठ्याचा भाग जळायला कारण ठरू शकतं. बसल्या जागी कार्ड मारणारं अपडेट असतं ते या वाटेने.

आता यात आपलं हवामान मिळवा. समजा भार आला की कार्डाचं तापमान खोलीपेक्षा ४५ अंशांनी चढतं. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ते ७० वर थांबेल. तेच कार्ड मे महिन्यात तापीकाठच्या पत्र्याच्या खोलीत ४३ अंशांवर लावलं तर ८८ वर जाईल. साध्या दर्जाच्या चिपांची मर्यादा ८५ अंश असते, वरच्या दर्जाच्या १००. परदेशातल्या कोणी ‘माझ्याकडे एवढ्या व्होल्टेजवर चालतं’ असं सांगितलं, तर त्याची खोली किती थंड होती हे आधी विचारा. नंदुरबारात व्होल्टेज कमी करणं शहाणपणाचं. वेग थोडा घटतो, वीज मात्र त्याहून जास्त वाचते.

‘नवं बिटस्ट्रीम आलं की जास्त नाणी’

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि विकणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारा.

दर काही काळाने ठरावीकच नाणी निघतात, मग मायनिंग करणारे दहा असोत की दहा लाख. बिटकॉइनमध्ये दर २,०१६ ब्लॉकनंतर काठिण्य पुन्हा ठरतं, म्हणजे सगळ्यांची यंत्रं वेगवान झाली की गणितही तेवढंच अवघड होतं. नवं बिटस्ट्रीम तुमच्या एकट्याकडे नसतं. ते सगळ्यांकडे पोचलं की तुमचा वाटा होता तिथेच येतो.

शिवाय एफपीजीएच्या मागे एएसआयसी लागलेली असते, म्हणजे एकाच गणितासाठी कारखान्यात पक्की केलेली चिप. बिटकॉइनसाठी एफपीजीएची खुली रचना मे २०११ मध्ये आली. जानेवारी २०१३ मध्ये पहिली एएसआयसी यंत्रं ग्राहकांच्या हातात पडली आणि एफपीजीएचा काळ संपला. त्या जमान्यातलं बटरफ्लाय लॅब्जचं एफपीजीए यंत्र ८० वॉटमध्ये सेकंदाला सुमारे ८३ कोटी हॅश, म्हणजे मायनिंगच्या गणिताचे प्रयत्न, करायचं. आजचं बिटमेनचं एस-२१ यंत्र साडेतीन हजार वॉटमध्ये २०० लाख कोटी हॅश करतं. एका हॅशमागच्या विजेचा हिशेब केला तर नवं यंत्र सुमारे साडेपाच हजार पट काटकसरी निघतं. हे अंतर कुठलंही फर्मवेअर भरून काढू शकत नाही.

मग लोक नव्या नाण्यांकडे वळतात. २०२२-२३ मध्ये कास्पा नावाच्या नाण्यावर एफपीजीए चांगलं चाललं. २०२३ मध्येच त्याचीही एएसआयसी आली. मोनेरो या नाण्याने तर नोव्हेंबर २०१९ पासून साध्या संगणकाच्या प्रोसेसरला सोयीचं गणित मुद्दाम स्वीकारलं. एफपीजीएला कमाईची खिडकी मिळते ती नाणं नवं असताना, काही महिन्यांपुरती. आणि त्या खिडकीत आधी शिरतो तो बिटस्ट्रीम स्वतः लिहिणारा. तो ते आधी स्वतःच्या कार्डांवर चालवू शकतो आणि मग इतरांना देऊ शकतो. हे मी आरोप म्हणून सांगत नाही, धंद्याची रीत अशी आहे.

‘फाइल फुकट मिळाली, म्हणजे आपली झाली’

मायनिंगची बरीच बिटस्ट्रीम बंद असतात, आत काय आहे ते दिसत नाही. त्यांत लेखकाचं मानधन बसवलेलं असतं: ठरावीक टक्के वेळ कार्ड त्याच्या पत्त्यासाठी राबतं. ते उघड सांगितलेलं असेल तर तक्रार नाही. काही परवाने चिपच्या जन्मजात क्रमांकाला बांधलेले असतात. कार्ड बदललं की परवाना गेला. लेखकाने काम सोडलं तर नवीन फाइल येत नाही आणि कार्ड विकणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

टेलिग्रामवरच्या गटात कोणी ‘क्रॅक केलेली’ फाइल टाकली, तर ती संगणकावर चालवणं म्हणजे त्या माणसाच्या हाती वॉलेट देणं. वॉलेट त्या संगणकावर ठेवूच नये. आणि पूलच्या पानावर दिसणारा वेग व सॉफ्टवेअर दाखवतं तो वेग यांची दिवसभराची सरासरी ताडून पाहावी. अंतर सांगितलेल्या मानधनापेक्षा जास्त असेल तर कोणीतरी खातंय.

‘पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल’ हेही दर वेळी खरं नसतं. २०२० साली जर्मनीतल्या संशोधकांनी झायलिंक्सच्या ७-मालिका चिपांच्या बिटस्ट्रीम-कुलुपात स्टारब्लीड नावाची फट दाखवली. ती सिलिकॉनमध्येच आहे. चिप बदलल्याशिवाय ती जाणार नाही.

‘शेतावर वीज फुकट आहे, तिथे लावू’

लावू नका. पंपासाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते.

घरच्या विजेचा हिशेब सोपा आहे. कार्ड १५० वॉट, संगणक ७० वॉट, मिळून २२० वॉट. रात्रंदिवस चालवलं तर महिन्याला सुमारे १५८ युनिट. घरचा वापर आधीच शंभरावर असेल तर हे सगळे युनिट वरच्या टप्प्यांच्या दराने लागतात. युनिटला १० रुपये धरले तरी दीड हजाराहून जास्त, पंखा-कूलर वेगळा. वर कर. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि उपकर आहे. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा होणार नाही, हे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलं आहे. म्हणजे यंत्राचा खर्च तुमच्या खिशातून आणि कर मात्र उत्पन्नावर.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, यंत्राची कटकटच नको, मायनिंग करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवू. महाराष्ट्राला तो अनुभव आहे. गेनबिटकॉइन योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. तपास पुढे सीबीआयकडे गेला. काठिण्य आणि भाव दोन्ही सतत बदलत असताना मायनिंगमधून ठरलेला मासिक परतावा कोणी देऊच शकत नाही, एवढं कळलं असतं तरी अनेकांचे पैसे वाचले असते.

मग स्वस्तात मिळणारं एफपीजीए कार्ड घ्यावं का? शिकायला जरूर घ्या, पण चिप बघून. अकॉर्न सीएलई-२१५ हे मायनिंगसाठी विकलेलं छोटं कार्ड आर्टिक्स-७ चिपचं आहे. तिच्यासाठी झायलिंक्सचं व्हिवाडो सॉफ्टवेअर मोफत आवृत्तीत चालतं आणि लाइटएक्स या खुल्या प्रकल्पातही त्या कार्डाचा आधार आहे. व्हीयू९पीच्या मोठ्या कार्डाला व्हिवाडोचा विकतचा परवाना लागतो. कॉलेजातल्या मुलांनी वर्गणी काढून एक अकॉर्न घ्यावं, त्यावर स्वतःचं पहिलं बिटस्ट्रीम लिहावं. कमाईसाठी मात्र यातलं एकही कार्ड आज घेऊ नये.