३२१ पुन्हा धावू लागलं

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चे यूजीन सर्नन चंद्रावरून परतले. त्यांच्यानंतर तिथे आजवर कुणी उतरलेलं नाही. त्यांचं ओमेगा स्पीडमास्टर हे मनगटी घड्याळ आता स्वित्झर्लंडमधल्या बिएन शहरात, ओमेगाच्या संग्रहालयात आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या आतल्या यंत्राचं डिजिटल स्कॅनिंग करण्यात आलं. १९६८ च्या सुमारास स्पीडमास्टरमधून हद्दपार झालेलं ‘कॅलिबर ३२१’ हे यंत्र कंपनीला पुन्हा घडवायचं होतं. ‘अलास्का ११’ या सांकेतिक नावाने दोन वर्षं गुपचूप काम चाललं आणि जानेवारी २०१९ मध्ये ते जाहीर झालं.

जुन्या नामवंत घड्याळांच्या नव्या आवृत्त्या काढायची सध्या लाटच आहे. बहुतेकदा त्यात चेहरा तेवढा जुना असतो. तबकडीला मुद्दाम पिवळसर छटा द्यायची, काटे पूर्वीसारखे करायचे आणि आत हाताशी असलेलं नवं यंत्र बसवायचं. ३२१ ची गोष्ट मला मोलाची वाटते, कारण इथे जुनं यंत्रच पुन्हा घडवलं गेलं.

हे यंत्र १९४० च्या दशकातलं, लेमानिया कारखान्यातल्या अल्बर्ट पिगे यांनी आखलेलं. रोज चावी द्यायची, तासाला १८,००० ठोके. क्रोनोग्राफचं, म्हणजे सेकंद मोजणाऱ्या यंत्रणेचं, बटण दाबलं की उभ्या खांबांचं एक चिमुकलं चाक एक घर पुढे सरकतं. तरफेचं टोक खांबावर चढलं की एक काम, दोन खांबांमधल्या फटीत उतरलं की दुसरं. सेकंदाचा काटा सुरू होणं आणि थांबणं यावरच ठरतं. हे चाक घडवायला वेळ आणि कसब दोन्ही लागतं. म्हणूनच पुढच्या ८६१ या यंत्रात त्याच्या जागी बनवायला सोपी, स्वस्त अशी कॅम नावाची चकती आली. ८६१ उत्तम चाललं, यात वाद नाही.

स्पीडमास्टर १९५७ साली बाजारात आलं ते मोटारींच्या शर्यतींसाठी. १९६२ मध्ये अंतराळवीर वॉली शिरा स्वतःचं स्पीडमास्टर घालून अंतराळात गेले. नंतर नासाने वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळं मागवून त्यांची परीक्षा घेतली. ९३ अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता, उणे १८ अंश थंडी, निर्वात पोकळी, ४० जी इतके धक्के, दहा दिवस दमट हवा. दमट हवेत एक घड्याळ बंद पडलं, उष्णतेने दुसऱ्याची काच वाकली. स्पीडमास्टरच्या वेळेत काही चाचण्यांमध्ये फरक पडला, तबकडीवरचा चमकणारा रंगही खराब झाला, पण ते चालत राहिलं. मार्च १९६५ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ३ जूनला एड व्हाइट ते घालून जेमिनी-४ बाहेर पडले, अंतराळात चालणारे पहिले अमेरिकन ठरले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ संकटात सापडलं. तेव्हा मार्ग दुरुस्त करण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. जॅक स्विगर्ट यांनी ते सेकंद मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले.

नवं ३२१ बसवलेली, एड व्हाइट यांच्या घड्याळावर बेतलेली पोलादी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली. तिचं यंत्र बिएनच्या स्वतंत्र कार्यशाळेत एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो, आणि तोच ते केसमध्ये बसवतो. विस्मरणात जाऊ पाहणारं कसब त्यामुळे पुन्हा माणसांच्या हातात आलं.

काचेचा निर्णय मात्र मला पटत नाही. मूळ काच अ‍ॅक्रिलिकची होती. तिच्यावर ओरखडे पडत, पण फुटून तिच्या ठिकऱ्या उडत नसत. भारहीन यानात तरंगणारे काचेचे तुकडे डोळ्यांत किंवा श्वासात जाऊ शकतात, म्हणून तीच काच योग्य होती. नव्या आवृत्तीला नीलमणी काच आणि तिच्याभोवती सिरॅमिकचं कडं (बेझल) आहे. दोन्ही सुंदर आणि टिकाऊ. पण अंतराळवीरांसाठी त्या काचेमागे जो विचार होता, तो इथे सुटला.

इतर कंपन्यांनी वेगळे मार्ग धरले. अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांनी ब्राइटलिंगकडून २४ तासांची तबकडी करून घेतली होती, कारण कक्षेत दर दीड तासाने सूर्य उगवतो आणि दिवस की रात्र ते कळत नाही. मे १९६२ मध्ये यान समुद्रात उतरल्यावर खाऱ्या पाण्याने ते घड्याळ निकामी झालं. २०२२ च्या आवृत्तीत ब्राइटलिंगने २४ तासांची तबकडी आणि चावीचं यंत्र दोन्ही राखलं, हे चांगलं केलं. अपोलो-१५ मध्ये डेव्हिड स्कॉट यांच्या ओमेगाची काच निखळली, तेव्हा चंद्रावर तिसऱ्यांदा यानाबाहेर पडताना त्यांनी स्वतःचं बुलोवा घातलं. २०१५ मध्ये ते लिलावात १६ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेलं. बुलोवाच्या नव्या आवृत्तीत क्वार्ट्झ यंत्र आहे. ते वेळ अचूक दाखवतं आणि सामान्य माणसाला परवडतं. पण स्कॉट यांच्या घड्याळाशी त्याचं नातं फक्त चेहऱ्याचं.

नवं ३२१ नेहमीच्या स्पीडमास्टरपेक्षा कितीतरी महाग आहे. यंत्राचा अभ्यास करणाऱ्यांनी ते जरूर पाहावं, जमल्यास बटण दाबून त्याचा स्पर्श अनुभवावा. पण अंतराळवीरांच्या घड्याळाच्या जवळचं काही वापरायला हवं असेल, तर चावीचं आणि अ‍ॅक्रिलिक काचेचं स्पीडमास्टर ओमेगा आजही बनवते. तेच घ्यावं.