दाबमापकाची पारख
(लेखांक सातवा)

बुलढाणा जिल्ह्याचे घाटाखालचा आणि घाटावरचा असे दोन भाग मानण्याची रीत महसुली कचेरीपासून बाजार समितीच्या ओट्यापर्यंत सर्वत्र रूढ आहे, आणि विषय पावसाचा असो, पेरणीचा असो की सोयरिकीचा असो, गाव घाटाखाली की घाटावर याची विचारपूस झाल्यावाचून बोलणे पुढे सरकत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे ते तीनशे मीटरांच्या दरम्यान वसले आहे, तर जिल्ह्याचे ठाणे असलेले बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे मोताळ्यावरून राजूर घाट चढून येणाऱ्या मोटारीच्या सभोवतालच्या हवेचा दाब तासाभराच्या अवधीत सुमारे 98 किलोपास्कलवरून 94 किलोपास्कलवर उतरतो. उंचीबरोबर दाब उतरतो, हे पास्कलने 1648 साली आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्यूई द दोम या फ्रान्समधील डोंगरावर धाडून सिद्ध करविले. (कल्पना एकाची आणि चढण दुसऱ्याच्या वाट्याला, ही वाटणी विज्ञानाच्या इतिहासात मुळीच विरळा नाही.) चार किलोपास्कल ही रक्कम ऐकण्यास क्षुल्लक वाटते, परंतु टर्बो बसविलेल्या इंजिनासाठी दाबमापक निवडताना जे प्रश्न उपस्थित होतात, त्यांपैकी बहुतेकांची परीक्षा या एका घाटात घेता येते, आणि म्हणून प्रस्तुत लेखांकासाठी मी तोच मुद्दाम निवडला आहे.

आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने 1905 साली पेटंट घेतलेल्या युक्तीचा, म्हणजे धुराड्यावाटे वाया जाणाऱ्या ऊर्जेने चक्र फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या युक्तीचा परिचय मागील लेखांकात झालाच आहे. हवा अधिक आली म्हणजे इंधनही त्या प्रमाणात अधिक द्यावे लागते, आणि ते किती द्यावे याचा हिशेब ज्या संगणकपेटीकडे सोपविलेला असतो, तिला हवेचे वजन ठाऊक असावे लागते. काही मोटारींत हे वजन हवेच्या वाटेत तापलेली तार किंवा पत्री ठेवून थेट मोजतात. परंतु फेरफार केलेल्या पेट्रोल इंजिनांत बहुधा दुसरा मार्ग पत्करतात, तो असा की सिलिंडरांकडे हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डमधील दाब आणि तापमान मोजावे, सिलिंडरचे आकारमान आणि तो भरण्याची त्याची कुवत ही माहीत असतेच, आणि त्यांवरून वजन गणिताने काढावे. गॅरेजातील मंडळी ज्याला ‘मॅप सेन्सर’ म्हणतात, तो या हिशेबातील मुख्य साक्षीदार होय. आणि साक्षीदारच खोटा किंवा अर्धवट निघाला, तर पुढील सारा निवाडा कितीही काटेकोर केला तरी व्यर्थ ठरतो.

या सेन्सरचे अंतरंग मोठे कौतुकास्पद आहे. सिलिकनचा एक अत्यंत पातळ पडदा, त्यावर व्हीटस्टन पद्धतीने जोडलेले चार रोध, आणि पडद्याच्या मागील बाजूस कायमची बंद केलेली निर्वात पोकळी, एवढाच त्याचा संसार. दाबाने पडदा वाकला की रोध बदलतात. सिलिकनमध्ये हा परिणाम धातूच्या तारेपेक्षा कितीतरी तीव्र असतो, हे बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स स्मिथ यांनी 1954 साली प्रसिद्ध केले, आणि तेथून या उद्योगाचा पाया घातला गेला. पडद्यामागे निर्वात असल्यामुळे हा सेन्सर शून्यापासूनचा, म्हणजे निरपेक्ष दाब सांगतो. याच्या उलट, बाजारात असेही सेन्सर मिळतात की ज्यांच्या पडद्याची मागील बाजू बाहेरच्या हवेस उघडी असते. ते बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती अधिक आहे एवढेच सांगतात, आणि हौसेने डॅशबोर्डवर लावलेले काट्याचे बूस्ट गेजही त्याच जातीचे. निवड करणाराने पहिली खातरजमा करावी ती याच बाबीची.

कारण असे, की सापेक्ष दाब सांगणाऱ्या सेन्सरला राजूर घाट दिसतच नाही. टर्बो अद्याप जोरात आलेला नाही आणि हवेला अडविणारा थ्रॉटल पूर्ण उघडा आहे अशा क्षणी तो मलकापुरातही शून्य दाखवील आणि बुलढाण्यातही शून्यच दाखवील. वस्तुतः वरच्या हवेचे वजन चार टक्क्यांनी कमी भरते, आणि खाली जुळविलेले पेट्रोल इंजिन वर आल्यावर इंधन अधिक झाल्यामुळे मंदावते, लोकांच्या भाषेत गाडी दम खाते. येथवर हानी फक्त पैशाची आहे. परंतु ज्याने आपले इंजिन घाटावर जुळविले आणि नंतर घाटाखाली उतरून जड हवेत पूर्ण भार टाकला, त्याच्या सिलिंडरात इंधन कमी आणि हवा अधिक अशी अवस्था उत्पन्न होते, आणि बूस्ट चढलेल्या पेट्रोल इंजिनात हीच अवस्था ठोका उठवून पिस्टन वितळविण्यापर्यंत मजल नेते. निरपेक्ष दाब मोजणारा सेन्सर घेतला की या भानगडीचे मूळच उपटले जाते.

दुसरा प्रश्न आवाक्याचा. बाजारात या सेन्सरांची प्रतवारी बोलण्यात एक बार, दोन बार, तीन बार अशी चालते, आणि खरेदीदाराची प्रवृत्ती सामान्यतः मोठ्यात मोठा आकडा घेऊन निर्धास्त होण्याकडे असते. आवाक्याचा हिशेब वास्तविक बेरजेचा आहे. बाहेरची हवा घाटाखालची, म्हणजे अधिक जड, धरावी: 98. टर्बोकडून एक बार, म्हणजे 100 किलोपास्कल बूस्ट अपेक्षित असेल तर एकूण 198. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर टर्बो क्षणभर नेमल्या मर्यादेच्या पुढे जातो, त्यासाठी आणखी 20 ते 25 धरावे. म्हणजे बेरीज 225 किलोपास्कलच्या आत राहते, आणि 250 किलोपास्कलपर्यंत मोजणारा सेन्सर या कामास पुरेसा होतो. येथे 400 किलोपास्कलचा घेतला तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडते ते खालच्या टोकाला. खामगावात कापसाच्या गाड्या ज्या काट्यावर तोलतात त्या काट्यावर त्याच गावच्या सराफाने चांदीचे पैंजण तोलू म्हटले, तर काटा खोटा नसूनही व्यवहार खोटा होईल. तशीच ही गत आहे.

आकड्यांनी पाहावयाचे तर मोटोरोला कंपनीने काढलेली, पुढे फ्रीस्केलच्या आणि नंतर एनएक्सपीच्या नावाने विकली गेलेली सेन्सरांची मालिका उदाहरणासाठी सोयीची आहे. तिच्यातील 250 किलोपास्कलचा एमपीएक्स 4250 प्रत्येक किलोपास्कलला 20 मिलिव्होल्ट देतो, आणि 400 किलोपास्कलचा एमपीएक्सएच 6400 सुमारे 12 मिलिव्होल्ट देतो. संगणकपेटी पाच व्होल्टांचे 1024 भाग पाडून वाचणारी असेल तर तिची एक पायरी जवळजवळ पाच मिलिव्होल्टांची होते. म्हणजे पहिल्या सेन्सरने दाब पाव किलोपास्कलच्या पायरीने कळतो आणि दुसऱ्याने चार दशांशाच्या पायरीने. पेट्रोल इंजिन जागेवर धडधडत असताना मॅनिफोल्डमध्ये जेमतेम 35 किलोपास्कल दाब असतो, आणि तेथे चार दशांशाची पायरी म्हणजे इंधनात एका टक्क्याहून मोठी उडी. इंजिन जागेवर स्थिर न राहता वरखाली होत राहते, आणि बिचारा मालक स्पार्क प्लग बदलीत बसतो. डिझेल इंजिनात ही अडचण फारशी भासत नाही, कारण हवेला अडविणाऱ्या थ्रॉटलवर त्याचा वेग अवलंबून नसल्यामुळे जागेवरसुद्धा आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळपासच राहतो. पेट्रोलसाठी तयार केलेला सल्ला डिझेलला जसाच्या तसा लावू नये, एवढे या ठिकाणी सांगून पुढे जातो.

वरच्या टोकाचे संकट याहून गंभीर आहे. याच 250च्या सेन्सरवर कोणी बूस्ट पावणेदोन बारच्या घरात नेले, तर घाटावरसुद्धा आतला दाब 265 किलोपास्कलच्या पुढे जातो. सेन्सर मात्र आपल्या शेवटच्या पायरीवर उभा राहून तोच आकडा सांगत राहतो. संगणकपेटी त्या आकड्यावर विसंबून इंधन देते, हवा पाच-सहा टक्क्यांनी अधिक शिरलेली असते, आणि ही तफावत कोणत्याही दिव्याने किंवा घंटीने जाहीर होत नाही. संगणकपेटीच्या नोंदवहीतील दाबाची रेषा माथ्यावर पाटासारखी सपाट दिसली, की टर्बो उत्तम स्थिर झाला म्हणून समाधान मानण्याआधी सेन्सरच संपला नाही ना, याची चौकशी करावी.

पायरी बारीक झाली म्हणजे माप अचूक झाले, हा समज मात्र मनात ठेवू नये. उपर्युक्त 250च्या सेन्सरची हमी सुमारे दीड टक्का चुकीची आहे, आणि हा दीड टक्का त्याच्या साऱ्या आवाक्यावर धरावयाचा असल्यामुळे साडेतीन किलोपास्कलांच्या आसपास येतो. म्हणजे निर्माता कायदेशीरपणे जवळजवळ आख्खा राजूर घाट चुकू शकतो! व्यवहारात बहुतेक नग याहून पुष्कळ चांगले निघतात, परंतु तुमच्या हातातील नग त्या बहुतेकांपैकी आहे की नाही, हे पाकिटावरून कळत नाही. ते कळण्यासाठी तपासणीच करावी लागते, आणि ती तपासणी आपल्या जिल्ह्यात फुकट होते.

चावी फिरवावी, इंजिन चालू करू नये. सेन्सरला तीन तारा असतात, पाच व्होल्टांची, अर्थची आणि संकेताची. साध्या मल्टिमीटरचे टोक संकेताच्या तारेला लावून वाचन घ्यावे. एमपीएक्स 4250 हा नग असेल तर मलकापुरात सुमारे 1.76 व्होल्ट दिसतील, आणि घाट चढून बुलढाण्यात पुन्हा तीच कृती केली असता 1.68. आठ शतांश व्होल्टांचा हा फरक कोणतेही बरे मीटर दाखविते. तो दिसला तर सेन्सर जिवंत आहे आणि त्याचा उतारही बरोबर आहे. दोन्ही वाचने सारख्याच रकमेने वर किंवा खाली असतील, तर दोष सेन्सरच्या शून्यात किंवा, अधिक वेळा, अर्थच्या तारेत असतो. ही तार चेसिसला कोठेतरी जोडून देण्याची घाई पुष्कळ फिटर करतात. वास्तविक तिने संगणकपेटीकडेच परत गेले पाहिजे, कारण वाटेत 50 मिलिव्होल्ट पडले की अडीच किलोपास्कलांची चूक बसलीच. पाच व्होल्टांचा पुरवठा मात्र किंचित कमीजास्त झाला तरी चिंता नसावी. सेन्सरचा संकेत आणि पेटीची मोजपट्टी दोन्ही त्याच पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतात आणि परस्परांची वजाबाकी होते. घाटावर एक अन्याय नित्य घडतो, त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे: समुद्रकिनाऱ्यावरील दाबासाठी छापलेल्या तक्त्यात 1.83 व्होल्ट लिहिलेले असतात, बुलढाण्यातील मीटर 1.68 दाखविते, आणि निर्दोष सेन्सर बाद ठरून कचऱ्यात जातो.

बसविण्याच्या जागेविषयी थोडेच सांगावयाचे आहे. नळी थ्रॉटलच्या पुढे, सर्व सिलिंडरांना सामाईक असलेल्या पोकळीतून घ्यावी, एकाच सिलिंडरच्या वाटेतून घेऊ नये. कारण चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असता दर सेकंदास 100 वेळा हवा ओढते, आणि एका वाटेतला दाब प्रत्येक ओढीगणिक हिंदकळत राहतो. नळी आखूड आणि जाड भिंतीची असावी, आणि सेन्सर नळीपेक्षा उंचावर, तोंड खाली करून बसवावा, म्हणजे तेलाचे थेंब आणि ओल आपोआप परत जातील. डिझेल मोटारींत धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्याची व्यवस्था असते, त्यामुळे सेन्सरच्या छिद्रावर तेलमिश्रित काजळीचा काळा थर बसतो आणि सेन्सर आळशी होतो. गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, आणि स्कॅनर पी0299 किंवा पी0238 असे कोड काढून टर्बोवर संशय घेतो. टर्बो उतरविण्याचा खर्च अंगावर घेण्यापूर्वी सेन्सर काढून सौम्य क्लीनरने धुऊन पाहावा. छिद्रात टाचणी मात्र घालू नये. आतला पडदा टाचणीपुढे टिकत नाही.

कायद्याचाही एक मजकूर ध्यानी ठेवणे इष्ट. नोंदणीपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 ने मनाई केली आहे. बिघडलेला सेन्सर त्याच जातीच्या सेन्सरने बदलणे ही दुरुस्ती झाली. मोठा टर्बो, मोठा सेन्सर बसवून आणि संगणकपेटीत इंधनाचा नवा नकाशा भरून गाडी एमएच-28 च्या पाटीसह रस्त्यावर काढणे ही निराळी गोष्ट, आणि तिची जबाबदारी मालकावर राहते.

आता उरला तापमानाचा भाग. चैत्र-वैशाखात खामगाव-शेगावकडील हवा सावलीतही चाळिशीच्या पुढे जाते, टर्बोत दाबली जाऊन ती आणखी तापते, आणि इंटरकूलरने कितीही थंड केली तरी बाहेरच्या हवेहून गारच काय, तेवढीही होत नाही. दाब 194 किलोपास्कलच असता हवा 40 अंशांऐवजी 70 अंशांवर आत गेली तर तिचे वजन सुमारे 9 टक्क्यांनी घटते, म्हणजे घाटाच्या दुपटीहून अधिक. आणि दाबमापक, तो कितीही अव्वल असो, यातले अक्षरही सांगत नाही. म्हणूनच अलीकडे बहुतेक निर्माते दाबाच्या पडद्याशेजारीच तापमानाचा रोध बसवून चार तारांचा जोडसेन्सर देतात, आणि नवी खरेदी करावयाचीच असेल तर तोच घ्यावा असे माझे मत आहे. मात्र तो रोध उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या बॉनेटखालची आच शोषून बराच वेळ चुकीचे तापमान सांगत राहतो, त्याचा बंदोबस्त कसा करावा याचा विचार इंटरकूलरच्या प्रकरणात, पुढील लेखांकात येईल.