ज्यांना वंश नाही, त्यांची तिथी

संसारच न मांडलेल्या माणसाची तिथी त्याच्या मागे कोण पाळतो? आमच्या नेरला पितृपक्षात घरोघरी पितरांची ताटे वाढली जात, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. कॅथलिक फादर-सिस्टरांबाबत तो आणखी टोकदार होतो. आमचा यवतमाळ जिल्हा कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत अमरावती धर्मप्रांतात येतो. तिथले कित्येक फादर आणि सिस्टर आपले घरदार दूर सोडून आलेले असतात. मागे मुलगा नाही, सून नाही. मग त्यांच्या नावाने दिवा कोण लावणार?

उत्तर असे, की ज्या संघात त्यांनी व्रत घेतले तो संघच लावतो. बऱ्याच संघांत मृतांची एक वही असते आणि तिची मांडणी मला फार आवडते. नावे वर्षवार नसतात, तारीखवार असतात. म्हणजे एकाच तारखेच्या पानावर सोळाव्या शतकातला धर्मगुरू आणि परवा गेलेला ब्रदर शेजारी शेजारी येतात. त्या दिवशी प्रार्थनेत किंवा जेवणाच्या वेळी ती नावे मोठ्याने वाचतात. मिस्साही त्यांच्यासाठी होते. क्लूनीच्या मठाधिपती ओदिलोने हजार वर्षांपूर्वी 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस आपल्या मठांत सुरू केला आणि तो पुढे साऱ्या चर्चचा झाला. डॉमिनिकन आपल्या मृतांसाठी 8 नोव्हेंबर पाळतात, कार्मेलाइट 15 नोव्हेंबर.

मध्ययुगात तर मृत्यूची बातमी घेऊन माणूस पायी निघे. फ्रान्समधल्या साव्हिन्यी मठाचा प्रमुख वितालिस 1122 मध्ये वारला, तेव्हा चामड्याचे तुकडे जोडून केलेली गुंडाळी घेऊन दूत फ्रान्स आणि इंग्लंडच्या मठांत फिरला. प्रत्येक मठाने तिच्यावर प्रार्थनेचे वचन लिहिले आणि बदल्यात आपल्या मृतांची नावे घातली. दोनशेहून अधिक नोंदींची ती गुंडाळी पॅरिसमध्ये आजही जपलेली आहे.

पण माझे मन खरे रमते ते गोव्यात, साष्टीतल्या कुंकळ्ळीत. 25 जुलै 1583 रोजी तिथे येशूसंघाचे पाच जण मारले गेले. त्यांतला रुडॉल्फ अक्वाविवा हा आत्रीच्या ड्यूकचा मुलगा, येशूसंघाच्या तेव्हाच्या प्रमुखाचा पुतण्या. तीन वर्षे फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात राहून तो नुकताच परतला होता. सोबत पाशेको, बेर्नो, फ्रान्सिस्को आणि ब्रदर अरान्हा. चर्चसाठी जागा पाहायला ते गेले होते. त्यांची प्रेते विहिरीत टाकली गेली. ती मिळवून त्यांना मूठमाती देण्यासाठी जो गेला, तो फादर थॉमस स्टीफन्स!

मराठी वाचकाला हे नाव नवे नाही. हाच तो इंग्रज, ज्याने पुढे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. त्याच 1583 च्या ऑक्टोबरात त्याने पॅरिसमधल्या भावाला पत्र लिहिले आणि इथल्या भाषांचे ग्रीक-लॅटिनशी असलेले साम्य नोंदवले. विल्यम जोन्सने हेच साम्य मांडण्याच्या दोनशे वर्षे आधी! सोबत्यांची प्रेते उचलल्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. ज्या गावकऱ्यांनी आपली माणसे मारली, त्यांच्याच मुलखात पुढे छत्तीस वर्षे राहून त्यांच्या भाषेत ओवी लिहिणे, हीच मला त्या पाचांना वाहिलेली सर्वांत मोठी आदरांजली वाटते. 1619 मध्ये तो गोव्यातच वारला.

त्या पाचांच्या अस्थी नंतर जुन्या गोव्यात आणल्या गेल्या आणि 1893 साली पोप तेराव्या लिओंनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

कुंकळ्ळीला गेलो तेव्हा दुसरी बाजूही मनात होती. पाच जण मारले गेले त्याआधी पोर्तुगीजांनी गावाची देवळे पाडली होती, आणि नंतर बोलण्यांच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावकऱ्यांच्या प्रमुखांना ठार केले. गावची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली ती याच धामधुमीत. दरवर्षी छत्रोत्सवात देवी मिरवत जुन्या गावी येते, बारा रंगीत छत्र्या सोबत असतात, आणि गुलालाने रस्ता लाल होतो. गावात आता त्या प्रमुखांचेही स्मारक उभे आहे. येशूसंघाच्या हुतात्म्यांसाठी येणाऱ्या प्रत्येकाने तिथेही थांबावे, असे माझे ठाम मत आहे. एकाच वर्षी, एकाच संघर्षात ही माणसे गेली, आणि वेगवेगळ्या काळातल्या मृतांना शेजारी बसवणाऱ्या त्या वहीचा न्याय लावला तर त्यांची नावे एकत्रच वाचायला हवीत.