शिळा भात परदेशी गेला

आपल्या शिरूर-दौंडकडे सकाळी रानात जाताना माणूस काय खातो? शिळी भाकरी ताकात कुस्करायची. वर मीठ, बाजूला कांदा. पोट गार राहते. पण पाहुणा आला, की हीच भाकरी आपण झाकून ठेवतो! मी मास्तर होतो तेव्हाचे सांगतो. पोळीवाल्या पोरांसमोर भाकरीवाली पोरं फडके सोडत नसत. भिंतीकडे तोंड करून जेवायची.

बंगालात आणि बांगलादेशात अशीच न्याहारी आहे. तिचे नाव पांता भात. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचे. सकाळपर्यंत तो जरा आंबतो. मग कांदा-मिरचीबरोबर खायचा. कष्टकऱ्याचे खाणे ते.

आता ऑस्ट्रेलिया देशातली गोष्ट ऐका. तिथे टीव्हीवर 'मास्टरशेफ' नावाची स्वयंपाकाची स्पर्धा असते. २०२१ साली किश्वर चौधरी ही बाई शेवटच्या फेरीत पोचली. राहणारी मेलबर्न शहराची, घराणे बंगाली. बड्या परीक्षकांपुढे तिने काय मांडले? पांता भात! सोबत बटाट्याचे भरीत आणि तारली मासळी. भाताच्या पाण्याला तिने धुरी दिली होती. तिन्ही परीक्षकांनी दहापैकी दहा गुण दिले.

ते पाहून बंगाली प्रेक्षक हरखून गेले. कित्येकांना घरची आठवण झाली. काहींनी मात्र नाक मुरडले. असले गरिबाचे खाणे स्पर्धेत कशाला, म्हणाले. मला तर माझी ती भिंतीकडे तोंड केलेली पोरंच आठवली.

स्पर्धेत पहिला आला जस्टिन नारायण. किश्वरचा नंबर तिसरा. पण गावोगावच्या बंगाल्यांच्या तोंडी राहिला तो तिचा भात.